खारेपाटातला संप, फेरारातले काळे सदरे

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी या गावी आसपासच्या पंचवीस गावांचे शेतकरी जमले आणि खोत-सावकारांच्या जमिनी यापुढे कसायच्या नाहीत असे त्यांनी ठरवले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. संप १९३९ पर्यंत चालला. म्हणजे सहा पावसाळे आले आणि गेले, खाचरांत चिखलणी झाली नाही, आवणीला बाया उतरल्या नाहीत. जगाच्या इतिहासात १९३३ हे साल वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहिले आहे. त्या वर्षी ३० जानेवारीला हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला, मार्चमध्ये तिथल्या संसदेने आपले सारे अधिकार त्याच्या हवाली केले, २ मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या. पोर्तुगालात सालाझारची नवी राज्यघटना आली आणि सप्टेंबरात, चरीच्या सभेच्या जेमतेम महिनाभर आधी, तिथल्या श्रमसंहितेने संप हा गुन्हा ठरवला. इटलीत तो सात वर्षांपूर्वीच गुन्हा ठरला होता. युरोपातील कष्टकऱ्यांच्या हातून काम बंद ठेवण्याचा हक्क एकेका देशात काढून घेतला जात असताना कुलाबा जिल्ह्यातील, आजच्या रायगडातील, कुळांनी तो वापरायला घेतला. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या तर दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हुकूमशाह्या कशा उभ्या राहिल्या याचे, पुढाऱ्यांच्या चरित्रांतून मिळते त्याहून खरे उत्तर हाती लागते, असे मला वाटते.

शेजारी ठेवायचे म्हटले तर जर्मनीपेक्षा इटली जवळची, आणि इटलीतही पो नदीच्या मुखाकडचा फेरारा प्रांत. कारण जमीन सारखी आहे. अलिबाग-पेण पट्ट्यातला खारेपाट म्हणजे खाडीच्या पाण्याकडून बांध घालून मिळवलेली भातशेती. बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, मजबूत हवा, उघडीची, म्हणजे पाणी सोडण्याच्या तोंडांची, दारे वेळेवर पडायला हवीत, नाही तर उधाणाचे खारे पाणी आत शिरते आणि एकदा शिरले की पुढची काही वर्षे जमीन भात देत नाही, तिवरे तेवढी माजतात. असा बांध एकट्याने राखता येत नाही. गावकीने मिळून माती टाकायची, बांध फुटून खांडे पडले की रात्री-अपरात्री धावायचे, ही इथली रीत. फेरारातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दलदलीतले पाणी पंपांनी उपसून हजारो हेक्टर जमीन नव्याने लागवडीखाली आणली गेली. तीही समुद्रसपाटीच्या आगेमागे, तिथेही कालवे-बांधांची सततची राखण, तिथेही हिवताप. फरक मालकीच्या रूपात होता. फेरारात भांडवल गुंतवणाऱ्या कंपन्या आणि मोठे जमीनदार होते, त्यांच्या हाताखाली वर्षातले काही महिनेच काम मिळणारे भूमिहीन मजूर होते. खारेपाटात खोत आणि सावकार होते, आणि त्यांच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसणारी पण सातबाऱ्यावर कुठेच नसणारी कुळे होती.

खोत हा मुळात सरकार आणि रयत यांच्यामधला वसुलीदार. गावाचा सारा सरकारात भरायचा आणि रयतेकडून जे काढता येईल ते काढायचे. मधला फरक हे त्याचे उत्पन्न, आणि तो वंशपरंपरेने त्याच्या घरात राहणार. कुळाने द्यायचा खंड भाताच्या रूपात ठरलेला. पीक बुडाले तरी खंड सुटत नसे, मागची बाकी कर्जाच्या खात्यावर चढे आणि त्या कर्जावर व्याज सुरू होई. त्याशिवाय वेठ असे. खोताच्या घरचे लाकूड फोडणे, त्याच्या शेतावर आधी राबणे, सणावाराला कोंबडी-भाजी पोचवणे, याचा हिशेब कुठेच नसे. दिलेल्या खंडाची पावती मिळणे दुर्मीळ, आणि पावती नसली की कोर्टात कुळाचे म्हणणे उभेच राहत नाही. यात १९२९ ची जागतिक मंदी आली. भाताचे भाव चार वर्षांत जवळजवळ निम्म्यावर उतरले. खंड धान्यात असल्यामुळे मंदीची झळ कुळाला लागली नसावी, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. पण कर्ज रुपयांत होते. दहा रुपयांचे व्याज फेडायला पूर्वी जितके भात विकावे लागे त्याच्या दुप्पट आता विकावे लागू लागले. खंड गेल्यावर उरलेले भात त्या व्याजात जाई आणि घरात खायला काही राहत नसे. हिटलरला मतांचे पीक ज्या मंदीने दिले, तीच मंदी चरीच्या सभेमागे होती. मंदीमुळे हुकूमशाही येते हे सोपे समीकरण इथेच अपुरे पडते, कारण एकाच कारणाची दोन फळे समोर दिसतात.

आता फेरारात काय झाले ते पाहू. मुसोलिनीने २३ मार्च १९१९ रोजी मिलानमध्ये आपली संघटना काढली तेव्हा ती शहरी, गोंधळलेली आणि दुबळी होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीत तिचा एकही माणूस निवडून आला नाही. खुद्द मुसोलिनीला मिलानमध्ये पाच हजारही मते पडली नाहीत. ती संघटना तिथेच विझली असती. तिला जीव दिला तो पो नदीच्या खोऱ्याने. तिथल्या शेतमजुरांची संघटना १९२० पर्यंत देशभरात नऊ लाखांच्या घरात गेली होती. बोलोन्या प्रांतात त्या वर्षी दहा महिने चाललेला शेतीसंप ऑक्टोबरअखेर मजुरांच्या जयाने संपला, आणि जमीनदारांनी वर्षभर नाकारलेल्या अटी सही करून मान्य केल्या. महिनाही झाला नाही तोच, २१ नोव्हेंबरला, बोलोन्याच्या नगरसभागृहात समाजवाद्यांचा अधिकारग्रहणाचा दिवस असताना फॅसिस्टांनी हल्ला केला आणि चौक रक्ताने माखला. डिसेंबरात फेराराच्या किल्ल्यापाशी तसेच घडले. तिथून पुढे काळ्या सदऱ्यांच्या टोळ्या मालमोटारींतून रात्री गावोगाव जात. मजूर संघटनेची कचेरी, सहकारी दुकान, वाचनालय जाळत. पुढाऱ्याला घराबाहेर ओढून मारहाण करत, बळजबरीने एरंडेल पाजत. मालमोटारी जमीनदारांच्या, पेट्रोल त्यांचे, पगारही त्यांचेच. फेरारातील टोळ्यांचा म्होरक्या इतालो बाल्बो हा युद्धातून परतलेला तरुण अधिकारी होता आणि जमीनदारांकडून त्याला महिन्याचे वेतन मिळत होते. पोलीस आणि लष्कर बघत राहिले, काही ठिकाणी त्यांनीच बंदुका पुरवल्या. २८ ऑक्टोबर १९२२ रोजी रोमवर मोर्चा नेला गेला तो या जळालेल्या खेड्यांच्या जोरावर. राजाने लष्करी कायद्याच्या हुकमावर सही करायचे नाकारले आणि मुसोलिनी पंतप्रधान झाला.

इथवरचा इतिहास ऐकून वाचक म्हणेल, जमीनदार घाबरले, त्यांनी गुंड पोसले, सरकारने डोळे मिटले, यात शोधण्यासारखे काय आहे? शोधण्यासारखे हे आहे की नऊ लाखांची संघटना वर्ष-दीड वर्षात कोसळली कशी. नुसत्या मारहाणीने एवढी मोठी संघटना मोडत नाही. ती आतून फुटावी लागते, आणि पो खोऱ्यात ती फुटली. मजुरांच्या संघटनेचा आग्रह असा होता की सगळी जमीन समाजाच्या मालकीची व्हावी. ज्याच्याकडे दोन-चार एकर होते, जो बटाईने शेत करत होता, त्यालाही तिच्या मते शेवटी मजूरच व्हायचे होते. संघटनेने ठरवलेल्या संख्येइतके मजूर त्या लहान शेतकऱ्यानेही कामावर घेतलेच पाहिजेत, न घेतल्यास दंड आणि बहिष्कार. भूमिहीनाला वर्षातले आणखी चार महिने काम मिळावे हा हेतू न्याय्य होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण घरच्या माणसांनी पीक काढता येत असताना बाहेरचे चार मजूर लावावे लागणाऱ्या बटाईदाराला ती संघटना जमीनदारापेक्षा जवळची वाटणे शक्य नव्हते. फॅसिस्टांनी नेमके इथे बोट ठेवले. कसेल त्याची जमीन, अशी घोषणा त्यांनी उचलली, जमीनदारांकडून थोडे तुकडे मिळवून कुळांना वाटले, आणि मधला थर आपल्याकडे वळवला. मग मजुरांना सांगितले की काम हवे तर आमच्या संघटनेत या. मे १९२२ मध्ये बाल्बो हजारो शेतमजुरांना घेऊन फेरारा शहरात घुसला आणि सरकारी कामे मागू लागला तेव्हा त्या गर्दीत दोन वर्षांपूर्वीचे संपकरी होते. चार वर्षांनी, एप्रिल १९२६ मध्ये, मुसोलिनीच्या सरकारने संपावर बंदी घातली आणि त्यानंतर मजुरी कापली गेली. पण तोवर बोलायला कोणी उरले नव्हते. याच खोऱ्यातील ज्याकोमो मात्तेओत्ती या खासदाराने खेड्यांतल्या या हिंसेची नोंद संसदेत गावांच्या नावांसकट मांडली होती. त्याला १० जून १९२४ रोजी रोममधून पळवून ठार मारण्यात आले.

कुलाबा जिल्ह्यात अशा टोळ्या का निघाल्या नाहीत? आपल्याकडची माणसे शांत, सोशिक, सहिष्णू, म्हणून, हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. टोळी काय असते ते या जिल्ह्याने पाहिले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन अस्पृश्य मानलेले लोक परिषदेच्या मंडपात परतले, त्यानंतर देवळात शिरणार असल्याची अफवा उठवून त्यांच्यावर लाठ्यांनी हल्ला झाला. जेवत असलेल्यांना मारले, गावी परत निघालेल्यांना वाटेत गाठले. माणसे तीच, हत्यारे तीच, धाडस तेच. त्यांना पुढे नेणारी संघटना मिळाली असती तर काळ्या सदऱ्यांत आणि त्यांच्यात काही अंतर राहिले नसते. पण दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. पहिली म्हणजे हल्लेखोरांवर खटले भरले गेले आणि काहींना तुरुंगवासाची शिक्षा झाली. पो खोऱ्यात शेकडो कचेऱ्या जळाल्या, तिथे न्यायाधीशांचा हात अशा आरोपींपर्यंत क्वचितच पोचला. दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. इटलीत पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक, विशेषतः तरुण अधिकारी, टोळ्यांचा कणा बनले. कुलाब्यातही युद्धावरून परतलेले सैनिक होते. महार समाजातले सैनिकी पेन्शनर, दासगाव-महाड भागातले, रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांबरोबर महाडच्या परिषदेच्या तयारीत पुढे होते. हल्ला झाला तेव्हा यांतल्या अनेकांना उलट वार करायचा होता आणि तसे केले असते तर ते हरले नसते, त्यांना शस्त्रे चालवता येत होती. डॉ. आंबेडकरांनी त्यांना थांबवले आणि त्यांनी ऐकले. शिस्त शिकून आलेला सैनिक गावात परतल्यावर कोणाच्या बाजूला उभा राहतो, यावर त्या दशकात देशांचे भवितव्य ठरत होते. आपल्या किनाऱ्यावर तो पाणी मागणाऱ्यांच्या बाजूला उभा राहिला.

चरीच्या संपाकडे आता या नजरेने पाहावे. जमीनदारांना भीती होती, सरकारचा कल त्यांच्याकडे होता. सभाबंदीचे, भाषणबंदीचे हुकूम निघाले, थकबाकीच्या दाव्यांसाठी कोर्टे उघडी होतीच. फेरारातल्यासारखे मधल्या थराचे फुटणे मात्र इथे झाले नाही. खारेपाटातली कुळे मुख्यतः आगरी, त्यांच्या जोडीला कुणबी, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर महार व इतर दलित. यांना एकमेकांपासून तोडणे खोतांना अवघड नव्हते, जातीची भिंत आयती उभी होती. ती भिंत ओलांडण्याचे काम या लढ्यातल्या माणसांनी जाणून केले. १९३४ च्या डिसेंबरात चरीला शेतकरी परिषद भरली तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. महाडच्या नगरपालिकेचे १९२७ सालचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे, दोघेही सवर्ण समाजातले, या चळवळीत अखेरपर्यंत राहिले. आगरी कुळांच्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बाबासाहेब बसतात, ही १९३४ सालच्या कोकणात साधी घटना नव्हती. मागण्याही अशा होत्या की त्यांत लहानातल्या लहान कुळापासून थोडीशी स्वतःची जमीन असणाऱ्यापर्यंत कोणाचेच नुकसान नव्हते. खंड माफक करा, वेठ बंद करा, व्याजाला मर्यादा घाला, खोती काढा, कसणाऱ्याचा हक्क नोंदवा. शेजाऱ्याच्या दोन एकरांवर या मागण्यांची सावली पडत नव्हती. त्यामुळे खोताला आपल्या बाजूने उभा करायला गावात माणूस मिळाला नाही. फेरारातल्या जमीनदाराला तो मिळाला.

याचा अर्थ संपकऱ्यांचे दिवस बरे गेले असा नाही. शेत पडीक ठेवून कुळाचे घर चालत नाही. लोकांनी जंगलातली लाकूडफाटी विकली, खाडीत जाळी टाकली, मिळेल ती मजुरी केली. लढा नुसत्या उपाशी राहण्यावर टिकला नाही, त्याला संस्था मिळत गेल्या. ऑगस्ट १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत मुंबई प्रांतात त्याचे सतरांपैकी बहुतेक उमेदवार निवडून आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी कायदेमंडळात मांडले. त्याच वर्षी नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केले, म्हणजे खेड्यातल्या तक्रारीला छापील जागा मिळाली. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातून आणि इतर भागांतून आलेल्या वीसएक हजार शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. गाव, तालुका, वर्तमानपत्र, पक्ष, कायदेमंडळ अशी ही सोपानरचना आहे. हुकूमशाह्या सत्तेवर येताच सर्वांत आधी याच पायऱ्या काढून टाकतात, कारण शेतातली तक्रार वरपर्यंत पोचली तर तिला उत्तर द्यावे लागते.

या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप असा की ज्या राज्यात हे घडले ते राज्य स्वतःच हुकूमशाहीचे होते. परक्या सरकारच्या हाती पोलीस, दडपशाहीचे कायदे, मीरतचा खटला चालवून कामगार पुढाऱ्यांना वर्षानुवर्षे डांबण्याची ताकद असताना जमीनदाराला वेगळ्या टोळ्या पोसायची गरजच काय? यातले बरेचसे खरे आहे. १९३४ मध्ये सरकारने कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली. त्याआधी १९३० मध्ये या जिल्ह्यातच, उरण तालुक्यातील चिरनेरला, जंगल सत्याग्रहींवर गोळीबार करून माणसे मारली. १९३५ च्या कायद्याने प्रांतांत मताधिकार मिळाला तो सुमारे साडेतीन कोटी लोकांना, बाकीच्या कोट्यवधींना नाही. इंग्रजी राज्याला उदार ठरवण्याचा माझा विचार नाही. तरी फरक आहे आणि तो मोजायला हवा. इंग्रज सरकारला आपल्या राज्याचा आधार कायदा हा सांगावा लागत असे, त्यामुळे त्या कायद्याच्या भाषेत त्याला पकडता येत होते. चवदार तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला. कुलाब्यातली माणसे त्या अरुंद फटीतून आत शिरली. फॅसिस्ट राज्यात फट नसते, कारण तिथे पक्ष, पोलीस आणि न्यायालय एकाच माणसाचे असते. मात्तेओत्तीच्या खुनानंतर मुसोलिनीने ३ जानेवारी १९२५ रोजी संसदेत उभे राहून घडलेल्या सगळ्याची जबाबदारी आपली असल्याचे सांगितले, आणि त्याला जाब विचारण्याची सोय त्या दिवसापासून इटलीत राहिली नाही.

परकी राजवट विरुद्ध परकी राजवट अशी तुलना हवी असेल तर ती याच किनाऱ्यावर दक्षिणेला मिळते. चौल-रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. ते त्यांच्याकडेच राहिले असते तर खारेपाटाच्या दारातल्या गावांचे विसाव्या शतकात काय झाले असते? गोव्याकडे पाहावे. १९२६ साली लिस्बनमध्ये लष्कराने सत्ता घेतली, १९३० मध्ये सालाझारचा वसाहत कायदा आला, वसाहतीतील माणसांना दुय्यम ठरवणाऱ्या त्या कायद्याचा निषेध लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांनी गोव्याच्या राजकीय सभागृहात त्याच वर्षी केला. पुढे वर्तमानपत्रांना आगाऊ तपासणी लागली, सभेला परवानगी लागली. गोव्यात भाटकार म्हणजे जमीनमालक होते, त्यांच्या जागेत झोपडी बांधून राहणारे आणि त्या बदल्यात राबणारे मुंडकार होते, कुळे होती. गाऱ्हाणी कोकणातल्यासारखीच होती. तिथे चरी मात्र झाले नाही. गोव्यात कुळांचा कायदा आला १९६४ साली आणि मुंडकारांचा १९७५ साली, दोन्ही सालाझारशाही त्या भूमीवरून गेल्यावर. एकाच समुद्राच्या काठी, एकाच प्रकारच्या भातशेतीत, हा पंचवीस-पस्तीस वर्षांचा फरक मला माझ्या मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो.

दुसरा आक्षेप मराठी वाचकाला जास्त टोचणारा आहे. महाराष्ट्रात मुसोलिनीचे कौतुक करणारे लोक होतेच ना? होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत मराठी वर्तमानपत्रांतून इटलीच्या शिस्तीची, एकजुटीची स्तुती छापून येत असे. हिंदू महासभेचे पुढारी डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे पहिल्या गोलमेज परिषदेनंतर परतताना इटलीत थांबले, १९ मार्च १९३१ रोजी मुसोलिनीला भेटले, मुलांना लष्करी शिक्षण देणारी तिथली बालिल्ला संघटना त्यांनी पाहिली. नाशिकला त्यांची भोसला सैनिकी शाळा १९३७ मध्ये उभी राहिली. पारतंत्र्यात वाढलेल्या सुशिक्षिताला परेडीचे, गणवेशाचे आकर्षण वाटावे हे समजण्यासारखे आहे. परंतु त्या कौतुकात पो खोऱ्यातला बटाईदार आणि मजूर कुठेच नव्हता, ही त्यातली मोठी चूक. राष्ट्र एक झाले असे लांबून दिसत होते. ते एक कसे केले गेले, कोणाच्या कचेऱ्या जाळून केले गेले, हे पाहायला पुण्या-मुंबईचा लेखक फेराराच्या दलदलीत गेला नाही. त्याच वेळी चरीचे कूळ, ज्याने इटलीचे नावही ऐकले नसेल, त्या प्रश्नाचे दुसरे उत्तर आपल्या शेतात घडवत होते. कौतुक शहरी वाचनालयांत राहिले, खेड्यात त्याला मूळ धरता आले नाही, कारण खेड्यातली जागा आधीच दुसऱ्या संघटनेने घेतली होती.

जर्मनीचे उदाहरणही याच्या आड येत नाही. तिथे कारखाने, बेकारी, व्हर्सायचा तह ही कारणे मोठी होती हे खरे. तरी हिटलरला पहिले घवघवीत यश मिळाले ते श्लेस्विग-होल्श्टाइनसारख्या शेतकरी मुलखात. जुलै १९३२ मध्ये तिथे निम्म्याहून अधिक मते नाझींना पडली. कर्जात बुडालेल्या लहान शेतकऱ्यांनी १९२८-२९ मध्ये तिथे करबंदीची, जप्ती अडवण्याची मोठी चळवळ केली होती. शहरातल्या कामगार पक्षांनी तिच्याकडे पाठ फिरवली, चळवळ विस्कटली आणि तिची माणसे नाझींनी उचलली. मधल्या माणसाला वाऱ्यावर सोडले की तो कुठे जातो, याचे हे दुसरे प्रात्यक्षिक.

चरीच्या बाजूचे अपुरेपणही झाकून ठेवायला नको. खोतीचे १९३७ चे विधेयक मंजूर झाले नाही. निवडून आलेल्या काँग्रेस सरकारने १९३८ मध्ये कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने घालणारे विधेयक आणले, त्याविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाला आणि कम्युनिस्टांना ७ नोव्हेंबरला मुंबईत संप करावा लागला. निवडणुकीतून आलेले सरकारही संपाला भिते, हे त्यातून दिसले. १९३९ चा मुंबई कूळ कायदा आधी काही निवडक भागांतच लागू झाला. पण त्या कायद्यात कुळाचे संरक्षण हा शब्द आला, आणि तो पुन्हा मागे घेता आला नाही. १९४८ मध्ये व्यापक कूळ कायदा झाला, १९४९ मध्ये खोती नष्ट करण्याचा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. चरीच्या सभेपासून त्या दिवसापर्यंत सुमारे साडेतेवीस वर्षे लागली.

या लढ्याचा इतिहास अजून पुरता कागदावर आलेला नाही. अलिबाग, पेण, उरण, महाड या तालुक्यांतल्या कित्येक घरांत जुन्या कबुलायती, थकबाकीच्या नोटिसा, दाव्यांची कागदपत्रे, ‘कृषीवल’चे जुने अंक पेट्यांत पडून असतील. घर पाडताना, जमीन विकताना अशा पेट्या सर्वांत आधी रद्दीत जातात. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर ती एकदा उघडा, कागद वाळवी लागण्याआधी जवळच्या वाचनालयाला किंवा अभ्यासकाला दाखवा, आणि घरात ऐंशी-नव्वदीचे कोणी असेल तर संपाच्या वर्षांत चूल कशी पेटत होती याबद्दल त्यांनी आईवडिलांकडून काय ऐकले ते विचारून लिहून ठेवा.